खाडाखोड नसलेली पाने

भुईगाव,
११ जानेवारी २०२६

प्रिय हिल्डा,

किल्ली शेजारच्या लूर्डसकडून मिळाली. तुझे घर नीट आहे. मागच्या खोलीतली एक काच सैल झाली आहे, वाऱ्याने वाजते. मी तिच्यात वर्तमानपत्राची घडी कोंबली आहे. पंप चालू आहे, सिलिंडर भरलेला आहे. गुडघ्याचे टाके निघाले का ते कळव, पण फोन करू नकोस. गेल्या चार महिन्यांत फोनवर ज्याने त्याने मला दोनच प्रश्न विचारले, जेवलीस का आणि झोप लागते का. मी जेवते आणि मला झोप लागते. पत्र लिहिताना माणूस निदान थोडा विचार करतो.

विलास गेला, आता इथे यायचे की नाही, असा प्रश्न मला पडला नाही. चोवीस वर्षे जानेवारीतले आठ दिवस आम्ही तुझ्या घरी काढले. या वर्षी मी महिनाभर राहणार आहे, कारण चंदनसारच्या फ्लॅटवर घाईने परत जाण्यासारखे काही नाही. दुसरेही एक कारण आहे. मुंबईच्या एका पक्षिनिरीक्षक मंडळाचे पत्र आले आहे. त्यांना विलासची वही हवी आहे. या किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांची इतक्या वर्षांची सलग मोजणी त्यांच्याकडे नाही. ती त्याच्या नावाने छापायची आहे. दहा फेब्रुवारीपर्यंत वही द्यायची आणि शेवटच्या पानावर मी लिहून द्यायचे की सर्व नोंदी जागेवर पाहून केलेल्या आणि बरोबर आहेत. सही माझी, कारण अक्षर माझे.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. तो स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगायचा, मी लिहायची. पाने उडू नयेत म्हणून मी समुद्राकडे पाठ करून बसायची. परवा वही चाळताना लक्षात आले की चोवीस वर्षांत मी त्या दुर्बिणीला एकदाही डोळा लावलेला नाही. तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव, सुरय, कालवफोड्या, सगळी नावे माझ्या अक्षरात आहेत, आणि यातला एकही पक्षी समोर येऊन बसला तर मला ओळखता येणार नाही. म्हणून पंचविसाव्या वर्षाची मोजणी मी स्वतः करणार आहे. चित्रांचे पुस्तक आणले आहे. उद्या दुर्बिणीची पेटी उघडते.

लूर्डस बोंबील देऊन गेली. म्हणाली, "बाय, डोक्याला फडका बांध. हा वारा एकदा कानात शिरला की महिनाभर निघत नाही." मग तुझी तक्रार केली. गेली तीन वर्षे आमच्या त्या आठवड्यात तू चर्चमधली सकाळची मिस्सा बुडवायचीस म्हणे. "पाहुणे आले की हिल्डाचा देव मागच्या बाकावर." मी म्हटले, पाहुण्यांना सकाळी चहा लागतो.

तुझी,
वसुंधरा

*

पुणे,
१५ जानेवारी

प्रिय वसू,

टाके निघाले. ॲंजेला मला व्हरांड्यात रोज आठ फेऱ्या मारायला लावते आणि स्वतः घड्याळ घेऊन उभी राहते. तू शाळेत मुलींची कवायत घ्यायचीस ना, अगदी तशी. मी तिला म्हटलं, तुझी वसूमावशी बरी, ती निदान शिट्टी वाजवून सांगायची कधी थांबायचं ते. मुलगी हसली नाही. डॉक्टर म्हणतात मार्चपर्यंत पुणं सोडायचं नाही.

तू विचारू नकोस म्हणालीस म्हणून मी काही विचारत नाही.

एक मात्र ऐक. ती दुर्बीण पेटीतच राहू दे. जड आहे, या वाऱ्यात स्टँड आडवा होईल, आणि तिची सवय फक्त त्यालाच होती. वही आहे तशी सही करून देऊन टाक. चोवीस काय आणि पंचवीस काय! वाळूत नुसती बस. पक्षी न मोजताही दिसतात गं. माझे पपा सगळ्यांना समुद्राचे कावळे म्हणायचे आणि त्यांचं काही अडलं नाही.

लूर्डसचं मनावर घेऊ नकोस. गुडघा आखडायचा म्हणून मी सकाळी थोडं चालायला जायचे, एवढंच. काच आमच्या युजीन सुताराला दाखव, तो पुट्टी लावून देईल.

तुझी,
हिल्डा

*

भुईगाव,
१९ जानेवारी

प्रिय हिल्डा,

तुझा सल्ला तुझे पत्र येण्याआधीच मोडला होता.

बारा तारखेला नऊ वाजता, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या सुरूच्या झाडापाशी स्टँड लावला. डोळा लावला तर नुसते पांढरे. वाटले, माझेच काही चुकते आहे. सगळी चाके फिरवली, दुसरा डोळा लावून पाहिला. असे तीन दिवस केले. नुसत्या डोळ्यांना समोरचे पक्षी दिसत होते. ओल्या वाळूत दीडदोनशे बसले होते, सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, एकाचेही दुसरीकडे नाही. इतकी वर्षे वाऱ्याकडे पाठ करून बसणारी त्या किनाऱ्यावर मी एकटीच असणार.

सोळा तारखेला दुर्बीण घेऊन वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. घड्याळे, कॅमेरे दुरुस्त करतात. शेल्डन नावाचा मनुष्य आहे. त्याने आत बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, आत पूर्ण बुरशी धरलीय. दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं दिसणार. कुठे ठेवली होती, पाण्यात?"

मी सांगितले, गेल्या जानेवारीत वापरली आहे.

"शक्यच नाही. एवढी बुरशी चढायला तीन-चार वर्षं लागतात. गेल्या जानेवारीत यातून काही दिसलं असेल तर मी दुकान बंद करतो."

त्याचे दुकान चालू आहे.

घरी येऊन वही उघडली. २००२ पासून २०२२ पर्यंत एकही पान खाडाखोडीशिवाय नाही. तो सांगायचा, "सुरय एकोणीस. थांब, खोड, अठरा. एक होडीचं फडकं होतं." मला चीड यायची. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांत एकही खोड नाही. तो एका दमात आकडे सांगायचा आणि मी एका दमात लिहायची. २०२४ साली मी त्याला म्हटलेही होते, "शाबास. इतक्या वर्षांनी शिकलास." तेव्हा तो हसला आणि स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, वारा आहे म्हणून. मी सहसा कोणाला शाबास म्हणत नाही. त्याला म्हटलेले मला तेवढेच आठवते.

त्याच तीन वर्षांत तो पेपर माझ्याकडून वाचून घेऊ लागला. मला वाटले, आळस. शर्टाची बटणे वरखाली लावायचा, चहात मीठ घालायचा, समोरचा पेला हात लागून पाडायचा. मी म्हणायची, डोळे कुठे ठेवतोस. रोज म्हणायची.

तर त्याला दिसत नव्हते. दिसत असते तर दुर्बीण आंधळी झाल्याचे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले असते. मग आकडे कुठून आले? माझ्या सहीचा प्रश्न आहे. तू त्या घरात होतीस. तुला काही माहीत होते का? हो किंवा नाही, एवढेच लिही.

वसुंधरा

*

पुणे,
२३ जानेवारी

प्रिय वसू,

गुडघा पुन्हा सुजलाय, घरात जावयाकडचे पाहुणे आहेत, म्हणून चारच ओळी. दुर्बिणी जुन्या झाल्या की खराब होतातच. त्याच्याकडे गळ्यात अडकवायची लहान दुर्बीण होती ना? तिच्यातून बघत असेल. नसत्या शंका काढू नकोस. सही करून टाक आणि मोकळी हो.

हिल्डा

*

भुईगाव,
२७ जानेवारी

हिल्डा,

गळ्यातली दुर्बीण मे २०२२ मध्ये मी माझ्या हाताने शाळेच्या निसर्गमंडळाला दिली. पावती घरी आहे.

मी हो किंवा नाही विचारले होते. तू तिसरेच लिहिलेस. म्हणजे उत्तर हो आहे.

मी ठरवले ते असे. पहिली एकवीस वर्षे पाठवीन. शेवटच्या तीन वर्षांची पाने येत्या रविवारी, एक तारखेला, लाल शाईने खोडीन आणि खाली लिहीन, न पाहता सांगितलेले आकडे. मंडळाने मग ते त्याच्या नावाने छापावे की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे. नोकरीत असताना एका मुलाचे चौतीस गुण मी पस्तीस केले नाहीत. त्याचे वडील दोन तास माझ्या ऑफिसबाहेर उभे होते. मुलगा नापास झाला. नवऱ्यासाठी वेगळा नियम करता येणार नाही.

मला दुःख झाले असेल असे तुला वाटेल. मलाही वाटले होते. काही होत नाही. सकाळी सुरूखाली जाऊन बसते. वारा इतका असतो की वाळू दातांत येते. सुरय वाऱ्यात एका जागी थांबतो आणि मग दगड टाकावा तसा पाण्यात पडतो. बाहेर येतो, पुन्हा थांबतो. हे मी तासभर बघते आणि मला काही वाटत नाही. अकरा वाजले की परत येते आणि भात लावते.

तरी एक सांगते. आम्ही दोघे फार बोलणारे नव्हतो, हे तू पाहिले आहेस. घरी भाजी, बिल, औषध, एवढेच. या आठ दिवसांत तो सांगायचा आणि मी लिहायची, तेच आमचे बोलणे. तेही खोटे असेल तर तीन वर्षे तो माझ्याशी काय बोलत होता हे मला कळले पाहिजे. म्हणून विचारले होते.

वसुंधरा

*

पुणे,
३० जानेवारी

वसू,

पानं खोडू नकोस. हे रविवारच्या आत पोहोचावं म्हणून ॲंजेलाच्या नवऱ्याला आत्ता कुरियरवाल्याकडे पिटाळते आहे.

हो. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

जानेवारी २०२३. तुम्ही आलात त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्याने कपाच्या बाजूला हात नेला. मी बघत राहिले. तो म्हणाला, "ओरडू नकोस, ती बाहेर आहे." पेन्शनच्या कामाला जातो असं तुला सांगून तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. नजरेचा मधला भाग जात चालला होता, कडा शाबूत होत्या. मला म्हणाला, "हिल्डा, तुझं नाक गेलं, कान तेवढे दिसतायत. तसं फार नुकसान नाही." मी हसले, मग रडले, मग त्याला मारलं.

मी म्हटलं, वसूला सांग. तो म्हणाला, "सांगितलं तर ती औषधांचं वेळापत्रक भिंतीला लावेल आणि मला घरी बसवेल. मोजणी बंद. मग आम्ही दोघं बोलणार काय?"

अगदी हेच शब्द. तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या हातून चष्मा पडला.

म्हणून मी मोजायचे. त्या आठही दिवस, सकाळी सातला, तुम्ही उठायच्या आत. माझ्या ऑस्करची लग्नाआधीची, जहाजावरची दुर्बीण घेऊन. पक्षी कसे ओळखायचे ते विलासनेच शिकवलं, आधी पाय, मग चोच, मग डोकं. तू आंघोळीला गेलीस की मी त्याला आकडे सांगायचे आणि तो बोटं मुडपून पाठ करायचा, पोरं पाढे करतात तसे. एकदा मी कंटाळून म्हटलं, कुरव दोनशे धर. तर म्हणतो, "दोनशे? वसूला लगेच संशय येईल. एवढ्या गोल आकड्याने कोणी उडत नाही. परत जा." आणि गेले की मी परत, त्या गुडघ्यावर! एकशे शहाण्णव निघाले.

तेव्हा आकडे खरे आहेत, वसू. एकूण एक.

मिस्सा बुडवल्याचं मी फादरकडे कबूल केलं. तुझ्याकडे कबूल करायला तीन वर्षं आणि ही तीन पत्रं लागली. तो गेल्यावर सांगणार होते. पण तू वही हातात घेऊन म्हणालीस, "ही तरी खरी आहे." मग माझं तोंड उघडेना. तुझी भीती वाटते, खरंच सांगते. त्यालाही वाटायची.

आणखी एक. हे कोणाला सांगू नकोस असं तो म्हणाला नव्हता, म्हणून सांगते. तू समुद्राकडे पाठ करून बसायचीस ती त्याच्या डाव्या हाताला. "इथेच बस" म्हणून तो हट्ट करायचा, आठवतं? त्याला कडेचंच दिसायचं. दुर्बिणीत डोळा घालून उभा असायचा ते समुद्रासाठी नाही. त्या कोनात तू दिसायचीस, मान खाली घालून लिहिताना.

ऑस्करची दुर्बीण तुझ्याच खोलीतल्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे. वाटलं तर घे.

हिल्डा

*

भुईगाव,
४ फेब्रुवारी

प्रिय हिल्डा,

तुझे पत्र सोमवारी आले. पाने मी रविवारी खोडली होती. मी दिवस ठरवला की पाळते हे तुला माहीत आहे.

पत्र दोनदा वाचले. पहिली गोष्ट, सातचा आकडा नऊला चालत नाही. तोवर पाणी पुढे-मागे होते, पक्षी हलतात. तू प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई आहेस. हे तुम्हा दोघांपैकी एकाला तरी सुचायला हवे होते.

म्हणून असे केले आहे. खोडलेल्या प्रत्येक आकड्यावर तोच आकडा पुन्हा लिहिला. चोवीस दिवसांचे आकडे, साडेतीन तास लागले. वेळेच्या रकान्यात नऊ खोडून सात केले. निरीक्षकाच्या रकान्यात विलास खोडून हिल्डा लिहिले. शेवटच्या पानावर काय झाले ते पाच ओळींत सांगितले आणि सही केली. त्याचे डोळे गेले होते हेही लिहिले आहे. मंडळाला छापायचे तर तसेच छापतील. ती तीन वर्षे आता इतर वर्षांसारखीच दिसतात. जागोजाग खाडाखोड.

मी त्याला घरी बसवले असते असे तो म्हणाला. बरोबर म्हणाला. बसवले असते. वेळापत्रकही लावले असते. यावर दुसरे काही लिहिता येत नाही.

तुझा राग येईल अशी मी दोन दिवस वाट पाहिली. आला नाही. रडूही आले नाही. आले तर कळवीन. मंगळवारी स्वयंपाकघरात चहात चुकून मीठ पडले. ओतून न टाकता तो तसाच प्याले. वाईट लागतो.

ऑस्करची दुर्बीण मिळाली. आज नऊ वाजता सुरूपाशी गेले, पण समुद्राकडे तोंड केले तर वही कोणी धरायची हा प्रश्न आला. लूर्डस मासे घेऊन चालली होती, तिला बसवले. माझ्या डाव्या हाताला, समुद्राकडे पाठ करून. तिचे अक्षर वाईट आहे आणि ती लिहिताना बोलते. तिला तोंड बंद ठेवायला सांगितले, तर म्हणाली, "बाय, तू शाळा सोडलीस, पण शाळेनं तुला सोडलं नाय."

कालवफोड्या मी ओळखला. लाल चोच, काळी पाठ, खडकावर कालवांशी झटत होता. पुस्तकातल्यापेक्षा लठ्ठ आहे. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव थंडीत दोघेही पांढऱ्या डोक्याचे असतात, हे चोवीस वर्षे लिहूनही मला ठाऊक नव्हते. मला फरक करता आला नाही, म्हणून नुसते कुरव असे लिहायला लावले. एकशे त्रेचाळीस सांगितले. मग म्हणाले, "थांब, खोड. एकशे एकेचाळीस. दोन दगड होते."

लूर्डस म्हणाली, "एकदा ठरव काय ते."

मोजत असताना डाव्या डोळ्याच्या कडेला तिचा डोक्याचा फडका आणि वहीवरचा हात सतत दिसत होता. तपासून पाहिले. दिसतो.

वही येत्या सोमवारी मंडळात स्वतः नेऊन देते. युजीनने काच बसवली, आता वाजत नाही. मंगळवारी घर बंद करून किल्ली लूर्डसकडे देईन. गुडघा नीट चालवून घे, ॲंजेला सांगते तितक्या फेऱ्या मार. पुढच्या जानेवारीत मला लिहिणारी लागेल. लूर्डस नको.

सातला नाही. नऊ वाजता ये.

तुझी,
वसुंधरा